पाणी उतरताना: वाशिष्ठीच्या काठाने चार दिवस

आम्ही दोघं बारा वर्षं भिगवणला पक्षी बघायला जातोय. ते पाणी उजनी धरणाचं. सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे उजाडायच्या आत काठावर जाऊन बसलं की निम्मं काम झालेलं असतं. खाडीवर मात्र पक्ष्यांचा दिवस चंद्र ठरवतो. हे वाचून माहीत होतं, पण त्या हिशेबाने आपला दिवस कधी आखला नव्हता. त्या वर्षी होळी अगदी मार्चअखेरीस आली होती. थंडीत उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी याच सुमारास परत निघतात, आणि निघण्याआधी त्यांच्या अंगावर विणीचे रंग चढू लागतात. तेवढं एकदा नीट बघायचं होतं. म्हणून नवऱ्याने चार दिवसांची रजा काढली, मी दुर्बिणी पुसल्या, आणि चिपळूणपासून दाभोळपर्यंत वाशिष्ठीच्या काठाने जायचं ठरलं.

पहिला दिवस: फाल्गुन वद्य तृतीया

पहाटे पुणं सोडलं. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटात पांगारे पेटले होते. एका वळणावर थांबलो तर निष्पर्ण झाडावर भोरड्यांचा थवा इतका दाटलेला, की फुलं कुठली आणि गुलाबी पाठी कुठल्या हे दुर्बिणीशिवाय कळेना. तेही परतीच्याच वाटेवर. मध्य आशियाकडे जाण्याआधी फुलांतला रस आणि किडे खाऊन अंगात चरबी साठवत होते.

घाट उतरताना नवऱ्याने एक गोष्ट सांगितली, ती पुढचे चारही दिवस डोक्यात राहिली. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी आपल्या आपण वाहिलं तर बंगालच्या उपसागराला जायचं. पण शिवाजीसागर जलाशयातून ते बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवतात, तिथे वीज करतात, खाली कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वीज करतात आणि शेवटी वाशिष्ठीत सोडतात. म्हणून मार्चमध्ये कोकणातल्या बाकीच्या नद्यांची डबकी होत असताना वाशिष्ठी भरून वाहत असते. वरून घाटमाथ्याचं गोडं पाणी आणि खालून दिवसातून दोनदा चढणारं समुद्राचं खारं पाणी, अशी दोन पाणी चिपळूणच्या आसपास एकमेकांत मिसळतात.

तिथीवरून भरती काढायचा हिशेब कोकणात सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करायची. तृतीया म्हणजे सव्वादोन, म्हणून दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. आम्ही चारला चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर पोचायचं ठरवलं होतं, म्हणजे पावणेदोन तास ओहोटी लागून चिखल उघडा पडला असेल आणि पक्षी उतरले असतील.

पोचलो तर पाणी काठोकाठ. पलीकडच्या तीरावरची झाडं निम्मी बुडालेली. चिखलाचा पत्ता नाही, पक्ष्यांचाही नाही. एक घार फिरत होती, तेवढीच. धक्क्यावर एक वयस्क भोईमामा जाळं विसकटून बसले होते. मी त्यांना विचारलं, "मामा, आज ओहोटी नाही का लागली?"

"लागली ना, दाभोळला," ते म्हणाले. "इथे यायला तिला दीड तास लागतो, ताई. समुद्र चाळीस किलोमीटर लांब आहे. इथे पाणी आत्ता कुठे थांबलंय. घड्याळ ठेवा खिशात, ती काठी बघा."

पाण्यात रोवलेल्या काठीवर ओली रेघ होती आणि पाणी बरोबर त्या रेघेला टेकलेलं. बराच वेळ हललं नाही. मग रेघेखाली बोटभर ओलं लाकूड दिसलं. आमचा हिशेब चुकला नव्हता, तो दुसऱ्या जागेचा होता. भरती म्हणजे सगळीकडे एकाच वेळी वर येणारं पाणी नसून नदीतून आत चालत येणारी एक लांबलचक लाट असते, हे मला त्या काठीने जसं कळलं तसं कुठल्या आकृतीने कळलं नव्हतं.

सव्वापाचच्या सुमारास पलीकडे चिखलाची पहिली पट्टी दिसली, हातभर रुंद असेल. तिच्यावर एक तुतवार येऊन उतरला. तपकिरी पाठ, पांढरं पोट, खांद्याजवळ पोटाचा पांढरा रंग वर चढलेला, आणि मागचा भाग सारखा वरखाली हलणारा. आम्ही तो शेकडो वेळा पाहिलाय, भिगवणला तर त्याच्याकडे वळूनही बघत नाही. इथे सव्वा तास वाट पाहून दिसलेला तो पहिला पाणपक्षी, म्हणून नवऱ्याने वहीत पहिल्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं. वहीबद्दल सांगायला हवं. नवरा फक्त बसलेले पक्षी मोजतो. उडत्या थव्याचा अंदाज लिहीत नाही, कारण तो आकडा आपल्या मनाचा असतो असं त्याचं म्हणणं. यावरून आमचे वाद झालेत, पण वही त्याची आहे.

अंधारायच्या आधी मामांनी बोट दाखवलं. पाण्यावर दोन गाठी तरंगत होत्या, एक पुढे, एक मागे. मगर. वाशिष्ठीत त्यांची चांगली वस्ती आहे. गाठी हळूच बुडाल्या, पाण्यावर साधा तरंगही उमटला नाही. पोरं पंधरा पावलांवर उभी राहून पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, फेकत होती आणि त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

दुसरा दिवस: वद्य चतुर्थी

मामांची होडी सकाळी सातला ठरली होती. ओहोटीबरोबर खाली जायचं आणि भरतीबरोबर वर यायचं. पूर्वी गोवळकोटच्या बंदरात येणारी गलबतं हेच करत. आता इंजिन आहे, तरी मामा ते अधूनमधून बंद करून होडी नुसती पाण्यावर सोडत, त्यामुळे आवाज येत नसे आणि आम्हाला ऐकू येई. आमच्या दोघांत डोळे त्याचे आणि कान माझे अशी वाटणी पहिल्यापासून आहे.

सकाळच्या पाण्यावर पांढऱ्या तंतूंचे झुबके तरंगत येत होते. ते चिपीच्या फुलांचे पुंकेसर. चिपी रात्री फुलते, वटवाघळं आणि पतंग तिच्यावर येतात आणि उजाडल्यावर पुंकेसर गळून पाण्यात पडतात. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. मामांना तो मान ठाऊक नव्हता, पण चिपी फुलली की तिच्या मुळांत कुठला मासा लागतो हे पक्कं ठाऊक होतं. वरच्या अंगाला चिपी आणि मारांडीची काटेरी झुडपं, थोडं खाली गेल्यावर तिवर, त्याच्या भोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासाची मुळं, आणि मग कमानींसारख्या मुळांवर उभा कांदळ. पाण्याचा खारेपणा बदलतो तशी झाडं बदलत जातात.

खंड्यांसाठी तो सकाळचा तास आम्ही दोघंही विसरणार नाही. पांढऱ्या छातीचा खंड्या सगळीकडेच असतो. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. छोटा निळा खंड्या नुसता रेघ ओढून गेला. आणि मग एका वाकलेल्या तिवराच्या फांदीवर तो बसलेला: डोकं काळंभोर, गळ्याला पांढरा पट्टा, पाठ गडद जांभळट निळी, पोट फिकट नारिंगी, चोच लालभडक. काळ्या टोपीचा खंड्या. भिगवणला हा दिसत नाही, त्याला कांदळवन लागतं. होडी वाहत वाहत त्याच्या वीस फुटांवर गेली. त्याने एक खेकडा आणून फांदीवर आपटला, उजवीकडे दोनदा, डावीकडे एकदा, नांग्या तुटेपर्यंत, आणि गिळला. नवऱ्याने कॅमेरा उचललाच नाही. मीही सुचवलं नाही.

साडेनऊच्या पुढे दोन्ही काठांना चिखल चांगला रुंद झाला आणि त्यावर मगरी पसरल्या होत्या. आठ मोजल्या. एक चांगली मोठी, तोंड उघडं टाकून ऊन खात पडलेली, आणि तिच्यापासून काही पावलांवर राखी बगळा एका पायावर उभा. या दिवसांत माद्या काठावरच्या उंच कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालतात, म्हणून मामांनी एका ठिकाणी होडी मुद्दाम लांबून नेली.

चिखलावर फिडलर खेकडे हजारोंनी बाहेर आले होते. नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी. ती तो वर करतो, खाली करतो, कुणाला तरी बोलावत असल्यासारखी. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. मला पहिला कोरल ऐकू आला तो तेव्हाच. "कूर-ली, कूर-ली" अशी वर चढत जाणारी शीळ, जिच्यावरून त्याचं इंग्रजी नाव कर्ल्यू पडलं. ती कुठून आली हे बघायला आम्हाला पाच मिनिटं लागली. पक्षी चिखलाच्याच रंगाचा, कोंबडीपेक्षा मोठा, चोच खाली वाकलेली आणि इतकी लांब की पहिल्यांदा बघताना चूक झाली असं वाटतं. तो खेकड्याच्या बिळात चोच जवळजवळ मुळापर्यंत घालायचा आणि बिळाच्या वळणाप्रमाणे ती वळवायचा. बाहेर काढलेला खेकडा झटकून त्याचे पाय गाळायचा, मग गिळायचा. बाजूलाच लाल पायांचे टिलवे उथळ पाण्यात सरळ चोचीने टोचत होते, आणि चिखल्या पक्षी धावायचे, थबकायचे, एक टिपायचे, पुन्हा धावायचे. आखूड चोचीचे डोळ्यांनी शोधतात, लांब चोचीचे स्पर्शाने. एकाच चिखलात किती थर आहेत आणि कोण कुठल्या थरावर जगतं हे बसल्या जागी दिसत होतं.

आणि इथेच त्या दिवसाचा वाईट भाग घडला. मागून एक मोठी होडी आली, तिच्यात लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन सातआठ जण. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून त्यांनी होडी थेट चिखलाच्या कडेवर घातली आणि टाळ्या वाजवल्या. सगळं उडालं. टिलवे ओरडत गेले, कोरल गेला, बगळे गेले. पक्षी खाली उतरले की पुन्हा तेच, असं तीनदा.

मला याचा फार राग येतो आणि तो इथे लिहायचाच आहे. हे पक्षी या महिन्यात चरायला बसलेले असतात म्हणजे शिदोरी बांधत असतात. काही जाती निघण्याआधी अंगाचं वजन दीडपटीपर्यंत वाढवतात, आणि ती चरबी हेच त्यांचं हजारो किलोमीटरचं इंधन. त्यातही चरायला दिवसभर मिळत नाही. चिखल उघडा असतो तेवढे तासच, मग तो दिवस असो की रात्र. त्या चार तासांतून तीनदा उडवलं तर काय उरलं? नवऱ्याने हात जोडून त्यांना सांगितलं. ते हसले, पण निघून गेले. मामा म्हणाले, "दादा, ही माणसं मोसमात रोज येतात." पक्षी त्या पट्टीवर परत आले नाहीत. अकराला पाणी फिरलं आणि आम्ही भरतीबरोबर वर आलो. बोलणं फारसं झालं नाही.

संध्याकाळी चिपळुणात गावातून फिरलो. जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वरची एक खूण दाखवली: 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी. वरून अतिवृष्टी आणि खालून भरती, पाण्याला जायला वाट नव्हती. त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं. काठावर त्या गाळाच्या टेकड्या आहेत आणि एका टेकडीच्या उभ्या कडेत वेडे राघू बिळं कोरत होते. नर-मादी पाळीने आत शिरत आणि पायांनी माती बाहेर उडवत. पावसाआधी पिल्लं बाहेर पडतील.

संकष्टी होती. माझा उपास नसतो, काकूंचा होता. साडेनऊच्या सुमारास चंद्र वर आला तेव्हा त्या अंगणात ताम्हन घेऊन उभ्या होत्या. खाडीच्या बाजूने कोरल ओरडला, मग आणखी एक. म्हणजे खाली कुठेतरी ओहोटी होती आणि ते अंधारात चरत होते.

तिसरा दिवस: रंगपंचमी

आज चालायचं होतं. मधल्या खाडीत काही गावांना खारबांध आहेत: एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे बांधाआडची खारी जमीन, आणि मधून माणूसभर रुंद मातीची वाट. सात ते अकरा आम्ही त्या बांधावरून चाललो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

उघड्या चिखलात सात-आठ बायका कमरेत वाकून मुळे, म्हणजे शिंपले, काढत होत्या. त्यांच्यापासून दहा हातांवर पक्षी निवांत चरत होते. कालची होडी आठवली. या बायका रोज येतात, सरळ चालतात, टाळ्या वाजवत नाहीत, आणि पक्ष्यांना ते कळतं.

सँड प्लोव्हर जातीच्या चिखल्या पक्ष्यांचा मोठा जमाव आम्हाला इथे सापडला. बसलेले 140. टेलिस्कोप लावून एकेक बघत गेलो आणि आम्ही ज्यासाठी आलो होतो ते इथे होतं. हिवाळ्यात हे पक्षी अगदी साधे असतात, पाठ राखी-तपकिरी, पोट पांढरं, बस. आता त्यांच्यातल्या काहींच्या छातीवर विटकरी रंगाचा पट्टा आला होता. कुणाचा पुसट, डाग पडल्यासारखा, कुणाचा दोन्ही बाजूंनी येऊन मधे न मिळालेला. पाचसहा नर पुरे सजले होते: छाती गर्द, डोळ्यांवरून काळा पट्टा, गळा स्वच्छ पांढरा. आपल्याकडे येणाऱ्या या पक्ष्यांची वीण लडाख-तिबेटच्या उंच पठारावर होते. तो रंग तिथल्या मादीसाठी आहे. आपण त्यांना हिवाळाभर सांभाळतो आणि रंग भरून पुरा होत आला की ते निघतात. वाडीत ढोल वाजत होते, शिमग्याची पालखी कुठल्याशा घरी नाचत होती, रंग लागलेली दोन पोरं बांधावर आली आणि त्यांनी टेलिस्कोपला डोळा लावला. धाकटा म्हणाला, "हे पण खेळलेत." आम्हाला रंगपंचमीची आठवण त्यानेच करून दिली.

याच पोरांनी "गरुड बघायचाय का?" म्हणून आम्हाला देवराईत नेलं. कोकणात धनेशाला गरुड म्हणतात. खाडीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका प्रचंड बेहड्याच्या खोडात बरीच वर मातकट भेग दिसत होती. बाकी ढोली लिंपून बंद. आत मादी. मलबारी कवड्या धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी दार आतून लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढचे महिने तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट त्या एका नरावर.

आम्ही खूप लांब, एका उंबराच्या आडोशाला बसलो. चाळीस मिनिटं काही झालं नाही. मग पंखांचा आवाज आला, आगगाडीने धाप टाकल्यासारखा, आणि नर बाजूच्या झाडावर उतरला. लगेच ढोलीकडे गेला नाही. मान वाकडी करून चौफेर बघितलं, फार वेळ. पोरांनी श्वास धरला होता. मग तो खोडाला बिलगला, गळ्यातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकात धरलं आणि फटीत दिलं. आतून पांढुरकं टोक आलं आणि फळ गेलं. पुन्हा एक. पुन्हा एक. मी मोजत होते: एकोणीस. शेवटचं दिल्यावर तो थोडा वेळ तसाच थांबला, चोच फटीशी ठेवून. उडाला तेव्हा नवऱ्याने माझ्या गुडघ्यावरचा हात काढला. तो त्याने कधी ठेवला होता हे मला कळलं नव्हतं.

थोरल्याने सांगितलं की बेहडा देवीचा आहे, त्याला कुणी हात लावत नाही. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच झाड.

दुपारी गाडीने दाभोळला गेलो. त्या प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही.

चौथा दिवस: वद्य षष्ठी

दाभोळला नदी संपते म्हणावं तर संपत नाही, नुसती रुंद होत जाते. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठं बंदर होतं. 1508 च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ते जाळलं, तरी पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्याजवळची सतराव्या शतकातली मशीद आम्ही सकाळी बघितली. घुमट आणि मिनार विजापूरच्या वळणाचे, आणि मिनारांच्या खाचांत पारवे.

जेटीजवळ मासळी उतरत होती आणि कुरव पक्ष्यांचा, म्हणजे सीगलचा, गलका चालला होता. इथेही तीच गोष्ट. हिवाळ्यात यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे एक ठिपका तेवढा. आता बहुतेकांच्या डोक्यावर तपकिरी टोपरं चढलं होतं. काहींचं अर्धंच आलेलं, कपाळ अजून पांढरं. एक समुद्री बगळा, गडद राखाडी जातीतला, दोरखंडावर तोल सांभाळत उभा होता. त्याचा जोडीदार शुभ्र होता. या जातीत दोन्ही रंग असतात आणि ते आपापसांत जोडी करतात.

फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि तिथून वेलदूर, अंजनवेल. फेरीत असतानाच काकण दिसला. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, इकडे त्याला काकण म्हणतात. पंख किंचित वर उचललेले, पोट उन्हात लखलखीत, शेपटी पाचरीसारखी. पायांत काहीतरी लांब लोंबत होतं आणि ते सापासारखं होतं, तो समुद्रसाप खातोच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी 2002 मध्ये याच पक्ष्याची पाहणी करत वेळासच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे त्यांना समुद्री कासवांच्या अंड्यांचा माग लागला आणि त्यातून वेळासचं कासव संवर्धन उभं राहिलं. मला ही गोष्ट फार आवडते. कुणी एक पक्षी नीट बघायला जातो आणि दुसऱ्याच एका जीवाची सोय होते.

गोपाळगड बघितला, टाळकेश्वरचं दीपगृह बघितलं. षष्ठी म्हणजे साडेचारला भरती, आणि इथे नदीचं तोंडच असल्याने हिशेबात दीड तास मिळवायचा नव्हता. चारला आम्ही खडकांच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाने बसलो. चार दिवसांत प्रथमच पाण्याच्या आधी पोचलो होतो.

पाणी चढत गेलं तसे पक्षी येत गेले. आतला चिखल बुडाला की ते सगळे तोंडाशी असलेल्या या खडकांवर विसाव्याला येतात. आधी चिखल्या पक्षी, मग टिलवे, मग चार कोरल. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. चोच पाठीच्या पिसांत, एक पाय पोटात. काहींचे डोळे मिटलेले, तरी लाट फुटली की सगळा खडक एका पावलाने वर सरकायचा. साडेचारला पाणी थांबलं. नवऱ्याने बसलेले मोजले आणि लिहिले. मग आम्ही काहीच केलं नाही. दोन तास नुसते बसून होतो. मधे त्याने थर्मासमधला चहा ओतला.

सूर्य बुडत आला तेव्हा खडकावर कुजबुज सुरू झाली. बारीक "चिर्रिप, चिर्रिप" असा आवाज, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. पाणी उतरायला लागलेलं होतं आणि एव्हाना त्यांनी चरायला आत जायला हवं होतं. काही गेलेही, पाण्यालगत, खालून. पण विटकरी छातीच्यांचा एक घोळका मागेच राहिला. पंख ताणत, पुन्हा मिटत, पुढे दोन पावलं धावत. मग ते उठले. आत वळले नाहीत. समुद्रावर एक मोठा फेरा घेतला, आमच्या डोक्यावरून गेले, आणि दुसऱ्या फेऱ्यात बरेच वर होते. ओरडणं आता सगळ्यांचं एकत्र. तिसऱ्या फेऱ्यात त्यांची तिरकी ओळ झाली. दीपगृहाच्याही वरून ती उत्तरेकडे गेली. मी दुर्बीण काढली नाही आणि त्यानेही काढली नाही. आवाज थांबल्यावरही थोडा वेळ मला तो ऐकू येत होता.

"एकतीस," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. उडते तू मोजत नाहीस, असं मी म्हटलं नाही. त्याने टॉर्च लावून वहीत आकडा लिहिला, समोर वेळ लिहिली, सहा पन्नास, आणि त्यापुढे "उत्तर".

खडकांच्या पायथ्याशी काळा चिखल उघडा पडू लागला होता. त्यावर एक तुतवार येऊन उतरला, शेपटी वरखाली हलवत कडेकडेने चालत गेला.